नाव ठेवायला जागा

लहानूजींना नावं ठेवायला फारसं काही लागत नसे. वस्तू समोर असली म्हणजे झालं. वर्ध्याच्या एका जिनात, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या गिरणीत, ते फिटर होते. आठ तास इंजिनाच्या कुरकुरी ऐकायच्या आणि उरलेला दिवस घरी स्वतःच्या ऐकवायच्या, असा त्यांचा नेम होता. जिनाच्या मालकानं राहायला दीड खोली दिली होती. वर टिन, आत विजेचा एक दिवा, आणि दारात चार घरांत मिळून एक नळ. टिन उन्हाळ्यात तापतं आणि पावसाळ्यात वाजतं, म्हणून टिनाला नाव. दिवा डोळ्यांत खुपतो, म्हणून दिव्याला नाव. नळाला पाणी येतं पहाटे चारला आणि त्याला वास येतो लोखंडाचा, म्हणून नळाला दोन नावं. त्यांची बायको अन्नपूर्णाबाई, तिनं तेवीस वर्षांत त्यांना हजारो कप चहा पाजला होता. त्यातला एकही धड नव्हता, असं लहानूजींचं म्हणणं. पण एकही कप त्यांनी अर्धा टाकल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

मुलगा प्रेमदास मात्र आईवर गेला होता. मॅट्रिक झालेला, जनपदच्या, म्हणजे तेव्हाच्या तालुका बोर्डाच्या, शाळेत मास्तर, बोलणं मोजकं. त्याच्यासाठी सांगून आलेल्या तीन मुली लहानूजींनी परतवल्या. एकीच्या घरचे पोहे तेलकट होते. दुसरीचा काका बोलताना फार खोकत होता. तिसरीकडे काहीच खोट सापडली नाही, तेव्हा "इतकं चांगलं असनच कसं?" असा संशय आला आणि तिथंही मोडलं.

चौथ्या वेळी प्रेमदासनंच तोंड उघडलं. देवळीला बौद्ध मंडळींची सभा झाली होती. लहानूजींच्या घरानंही घेतलेल्या धम्मदीक्षेला तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि गावोगावी सभा भरत होत्या. त्या सभेत खडकीच्या एका मुलीनं हातात कागद न घेता दहा मिनिटं भाषण केलं. मुलीचं नाव कांता, शिक्षण सातवी पास. बाप नाही, आई मजुरी करते.

"ही होत असन त करा," प्रेमदास म्हणाला. "नाई त मी लगनच करत नाई. आर्वीकडं बदली मांगतो अन् तिकडंच राह्यतो."

एवढं बोलून तो शाळेत निघून गेला. एकुलता एक पोरगा, आणि तो बोलला म्हणजे करणार, हे लहानूजींना ठाऊक होतं. तेव्हा खडकीला जाण्याआधीच मुलगी पसंत होती. पण मुलाच्या बापानं एकदम हो म्हणायचं म्हणजे काय? चार खोड्या काढल्याशिवाय समोरच्याला वजन कळत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

भर सीझनात, जिनं रात्रंदिवस चालू असताना, त्यांनी सुटी काढली आणि ती काढल्याचं सगळ्या चाळीला सांगितलं. देवळीपर्यंत मोटार, तिथून साळा श्रावण सोबतीला, आणि पुढं तीन कोस बैलबंडी. मुक्कामाची अट लहानूजींनी आधीच कळवली होती.

"श्रावण, घर पाहाचं त सकाळी पाहा लागते," बंडीत त्यांनी समजावलं. "सांजच्या पारी कोनीबी सजवून ठेवते. सकाळी खरं काय थे दिसते."

"भाऊजी, एका दिवसात होते काम. मुक्काम कायले?" श्रावण दोनदा म्हणाला. त्याचा चेहरा पडलेला होता. तो का, हे लहानूजींनी विचारलं नाही.

खडकीची बौद्ध वस्ती गावाबाहेर, वीस-बावीस घरांची. मुलीची आई सीताबाई दारात उभी होती. घर एका खोलीचं, पण अंगणात काय थाट! ताणून विणलेली बाज, तिच्यावर लाल दुलई, उशी, पाय धुवायला पितळेचा लोटा, खुंटीला लख्ख काचेचा कंदील. चहा कपबशीतून आला. लहानूजींना जरा हायसं वाटलं आणि जरा वाईटही. हायसं अशासाठी की घर खाऊनपिऊन सुखी दिसत होतं. वाईट अशासाठी की खोड्या काढायला आता कष्ट पडणार होते.

पण ते कष्टाला भिणारे नव्हते. बाजेवर बसले, दोनदा दाबून पाहिली आणि म्हणाले, "सुंभ ढिलं हाय. माणूस मधात बुडते."

कुंपणापाशी अण्णाजी नावाचा एक म्हातारा उभा होता. बाजेला नाव ठेवल्याबरोबर त्याचा चेहरा उतरला. लहानूजींना नवल वाटलं. बाज सीताबाईची, आणि वाईट याला काऊन वाटून राह्यलं?

कपाचा कान तुटलेला आहे, असं त्यांनी दाखवून दिलं. तेव्हा हिरालाल नावाच्या एका तरुणानं मान खाली घातली. दुलईला धुराचा वास येतो म्हणाले, तर आनंदाबाई नावाची बाई तोंडाला पदर लावून मागं सरली. मोठी हळवी वस्ती दिसते, असं लहानूजींच्या मनात आलं. जेवणात कोंबडीचा रस्सा होता आणि भात होता. रश्शात तिखट जास्त आणि मीठ कमी असल्याचं सांगून त्यांनी तो तीन वेळा घेतला. कांतानं वाढलं. मुलगी सावळी, सडपातळ, सरळ डोळ्यांत पाहणारी. एकदाही हसली नाही. लहानूजींना ती मनातून फार आवडली, म्हणून त्यांनी भात चिकट झाल्याचं सांगितलं.

जेवणं झाल्यावर शेकोटीभोवती माणसं जमली. वर्ध्याचा माणूस आला म्हणजे वर्ध्याच्या गोष्टी निघणारच.

"तुमच्या दारात नळ हाय म्हनते, पाहुणे?" आनंदाबाईनं विचारलं.

"हाय ना. पन कायचा नळ, बाई! पहाटे चारले उठा, रांगेत पान्याचा गुंड ठेवा."

"चालू कोन करून देते?"

"कोन कायले करन? आपनच तोटी फिरवाची."

"आपल्या हातानं?"

"मंग कोनाच्या?"

"अन् कोनी हटकत नाई?"

"हटकनार कोन? पन लोखंडाचा वास येते पान्याले. चहाची चवच जाते, काय सांगू तुमाले!"

शेकोटीतली लाकडं कुणीतरी पुढं सरकवली. आपलं दुःख मंडळींना पटलं, असं समजून लहानूजींनी दिव्याचं आणि टिनाचंही सांगून टाकलं. कांता दारात उभी राहून ऐकत होती. शेवटी श्रावणनंच त्यांचा हात धरून झोपायला नेलं.

सकाळी त्यांना जाग आली ती कंदिलामुळं. खुंटीवरून कंदील उचलला जात होता.

"झोपा तुमी, झोपा," हिरालाल कुजबुजला. "कंदील तेवढा नेतो. कपबशी घेतली मी."

लहानूजींना काही कळेना. तेवढ्यात आनंदाबाई आली. "पाहुणे, जरा कुशीवर वळता काय?" ते वळले आणि दुलई गेली. घरवाल्याला दमा आहे, रात्रभर बसूनच होता, असं काहीतरी ती जाता जाता म्हणाली. उशी कोण घेऊन गेलं ते दिसलंच नाही. डोकं सुंभावर आदळलं, तेव्हा उशी गेल्याचं कळलं. पौषातली थंडी कानात शिरली. लहानूजी उठून बसले, लोटा घेतला आणि शेताकडं निघाले, तर वाटेत एक बाई उभी.

"लोटा आमचा व्हय," ती म्हणाली. मग त्यांच्या तोंडाकडं पाहून तिला दया आली. "जा, होऊन या आधी. मंग द्या."

मुलाच्या बापाचं वजन त्या सकाळी जे उतरलं, ते असं एकेका वस्तूबरोबर. लहानूजी परत आले तेव्हा रागानं लाल झाले होते. बाजेच्या पायथ्याशी अण्णाजी आणि त्याची बायको कौशल्याबाई उभी होती. आता ही दोघं काय मागणार हे सांगायला नको होतं. लहानूजी बाजेवर मांडी घालून बसले आणि दोन्ही हातांनी दोन्हीकडचं लाकूड धरलं.

"बाज भेटनार नाई! मी पोराचा बाप हाओ! रातच्या पाहुण्याले कोनी असं उठवते काय?"

"बसा ना बापा, बसा," कौशल्याबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात जराही राग नव्हता. "पन आमच्या लेकीले आज पाचवा दिवस हाय. रातभर लेकरू घेऊन भुईवरच निजली. बाजेखाली शेकोटी नाई केली त लेकराले थंडी बाधन, म्हून आलो."

लहानूजी विस्तवावर बसल्यासारखे उठले. बाळंतिणीच्या खालची बाज काढून त्यांना दिली होती, आणि ते तिच्यावर बसून सुंभ ढिलं म्हणाले होते. आपल्याच जिभेची त्यांना एवढी शरम कधी वाटली नव्हती. त्यांनी घराकडं पाहिलं. दार उघडं होतं. आत चूल, दोन मडकी, एक परात, ॲल्युमिनियमचं एक ताट, एक गिलास आणि भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. बाकी खोली सारवलेली आणि रिकामी होती.

"हे सारं..." त्यांनी हातानंच विचारलं.

"मांगून आनलं होतं," सीताबाई सरळ म्हणाली. चोरी पकडली गेल्याचा काही भाव तिच्या तोंडावर नव्हता. "पाहुना आला का वस्ती देते. हिरालालकडं आला का माही परात जाते. आमी दीक्षा घेतली अन् मेलेली ढोरं ओढाचं सोडलं. मंग गाववाल्यायनं धान्य बंद केलं, काम बंद केलं. आता कापूस वेचाले तीन कोस जातो. गावची विहीर त आधीपासूनच बंद हाय आमाले. नाल्याच्या रेतीत खड्डा करतो, झिरपलं का घेतो. चाललं हाय आमचं. मुक्काम नसता त तुमाले समजलंबी नसतं."

श्रावण पोत्यावर पडून डोक्यावरून शाल घेऊन झोपेचं सोंग करत होता. त्याला सगळं आधीपासून माहीत होतं, हे लहानूजींना आत्ता कळलं. मग जवळ होतं तेवढं एकच मोठं वाक्य त्यांनी घाईघाईनं बाहेर काढलं.

"पोरगी आमाले पसंत हाय!"

"पन मले पसंत नाई," आतून आवाज आला. कांता बाहेर आली. कापूस वेचायला निघाली होती, कमरेला ओटी बांधलेली. "पोराबद्दल काई म्हननं नाई माहं. पन पाहुणे, तुमच्या दारात नळ हाय. हातानं फिरवता, कोनी हटकत नाई. त्या पान्यालेबी तुमी नाव ठेवता. मंग तुमच्या घरी मी कोनतं काम केलं म्हंजे नाव नाई ठेवसान?"

लहानूजींच्या डोळ्यांपुढं प्रेमदास आला, आर्वीच्या मोटारीत पेटी घेऊन बसलेला. कांता उत्तरासाठी थांबलीही नाही. बायांबरोबर पांदणीनं निघून गेली.

मग लहानूजींनी बाज उचलली आणि डोक्यावर घेतली.

"भाऊजी! पोराचा बाप अन् बाज डोक्यावर?" श्रावण शाल टाकून उठला.

"बोलू नोको. पाठीमागून धर."

वस्तीतून ती वरात निघाली. पुढं फेटा विस्कटलेले लहानूजी, मागं श्रावण आणि बाजूला 'असू द्या, असू द्या' म्हणणारा अण्णाजी. अण्णाजीच्या घरात पोत्यावर एक पोर निजली होती. तिच्या कुशीत मूठभर बाळ. तिनं उठायचा प्रयत्न केला, "झोप झाली काय नीट, बाबा?" असं विचारलं. लहानूजींना रडू कोसळलं. सुंभ ताणून बांधायच्या निमित्तानं ते तिथं घटकाभर खाली वाकून बसले. फिटरचा हात होता. बाज नव्यासारखी ताठ झाली.

निघताना सीताबाईनं निरोप सांगितला. "कांतानं पांदणीतून तुमाले बाज नेताना पाहिलं, अन् सांगून पाठवलं हाय. पोराले पाठवा एक डाव. पन आमी काई मांगून आननार नाई. जे हाय त्यात बसन त पुढचं पाहू."

वर्ध्याला परत आलेले लहानूजी अन्नपूर्णाबाईंना ओळखू येईनात. आल्या आल्या त्यांनी नळाची तोटी फिरवली, पाणी नसल्यामुळं नळ फुसफुसला, तरी ते हात जोडून उभे राहिले. रात्री दिवा लावायचा, विझवायचा, पुन्हा लावायचा. पहाटे चारला उठून नळाखाली ओंजळ धरायची आणि रांगेतल्या बायांना सांगायचं, "बायांनो, कोनी हटकत नाई आपल्याले!" शेजारच्या शकुंतलाबाईचा गुंड त्यांच्यापायी अर्धा भरला आणि पाणी गेलं. चहा समोर आला की त्याच्या गुणांचं वर्णन सुरू.

"आधी नावं ठेवत होते, तवा गरम त पेत होते," अन्नपूर्णाबाई वैतागून म्हणाल्या. "आता तारीफ करता करता थंडा करता अन् मलेच दुसऱ्यांदा चूल पेटवा लागते. यापक्षा तुमी पहिलेचेच बरे होते."

प्रेमदासनं सगळी हकिगत ऐकली. रविवारी खडकीला जायचं, एवढं सांगून तो शाळेत निघून गेला.

रविवारी तिघं खडकीला गेले. बाज नव्हती, दुलई नव्हती. सीताबाईनं पोतं अंथरलं, त्यावर तिघं दाटीवाटीनं बसले. गुळाचा काळा चहा ॲल्युमिनियमच्या एकाच गिलासात आला, तो पाळीपाळीनं प्यायचा होता. तोंडातून वाकडा शब्द निघाला तर उभ्या उभ्या घरी पाठवीन, असं अन्नपूर्णाबाईंनी बंडीतच बजावलं होतं. म्हणून लहानूजी पहिल्यापासूनच सुटले. वा, काय जमीन! काय सारवण! चुलीचा धूर डोळ्यांत गेला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी म्हणाले, "धूर कसा मोकळा हाय, नाई काय?" प्रेमदासनं कपाळाला हात लावला. अन्नपूर्णाबाईंनी कोपरानं ढोसलं, पण गाडी उतारावर लागली होती.

कांतानं त्यांच्याकडं दुर्लक्ष केलं आणि प्रेमदासला विचारलं, "तुमाले काई नाव ठेवाचं हाय आमच्या घरात?"

"घरात नाई," प्रेमदास म्हणाला.

"मंग?"

"येता येता गावची विहीर पाहिली. चांगली बांधलेली हाय, पानी वरतक हाय. अन् तुमी नाल्यावर जाता. नाव ठेवाचं त त्या विहिरीले ठेवतो मी. तुमी सभेत बोलल्या होत्या थे याच्याबद्दलच. मी तवाच अर्ज लिहून ठेवला होता जनपदले द्याले, पन तुमच्या वस्तीच्या सह्या पाह्यजे त्यावर."

त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला. कांतानं तो घेतला आणि उभ्यानंच पूर्ण वाचला. मग एक जागा बोटानं दाखवून म्हणाली, "इथं 'विनंती' लिवलं हाय. विनंती कायले?" प्रेमदासनं पेन काढला आणि तो शब्द खोडला. आता काय होणार, ते पाहायला सीताबाई चुलीपासून उठून दारापाशी आली होती. लहानूजींना धीर धरवेना. त्यांनी चहानंतर विसळून पाण्यानं भरलेला तोच गिलास उचलला, एका दमात अर्धा रिकामा केला आणि मोठ्यानं म्हणाले, "अमृत! श्रावणची शपथ, असं पानी वर्ध्यात नाई!"

कांतानं कागदावरून मान वर केली. त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली.

"मामाजी," ती म्हणाली, "पानी गढूळ हाय. खोटं नका बोलू."

सीताबाईनं डोळ्यांना पदर लावला. आमच्याकडं सून सासऱ्याला मामाजी म्हणते, दुसरं कुणी म्हणत नाही. अन्नपूर्णाबाईंनी ऐकलं, प्रेमदासनं ऐकलं. लहानूजींना कळायला जरा वेळ लागला. मग त्यांनी गिलासात वाकून पाहिलं. तळाशी रेती होती.

"हाय खरं," ते म्हणाले. "लयच गढूळ हाय, सूनबाई."